बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर माझ्या प्रबंधाबद्दल तुम्ही विचारलंत, "वीस-पंचवीस बायकांशी गप्पा मारून सिद्ध काय होणार?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

तुम्हाला आकडा लागतो, तर आकड्यापासूनच सुरू करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी ८२,३०९ जणींची झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. हा आकडा नसता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तिशीतली बाई ऑपरेशनला तयार कशी होते, हे त्यात कुठे दिसतं? त्यासाठी तिच्यापुढे जाऊन बसावं लागतं.

बसायचं कसं, हेच मी सध्या शिकते आहे. "पिशवी का काढली?" असं थेट विचारलं की बाईला वाटतं, आपल्याला जाब विचारताहेत. मग "डॉक्टर म्हणाले" एवढं बोलून ती गप्प होते. त्याऐवजी "त्रास कधी सुरू झाला, तिथपासून सांगा" म्हटलं की लग्न, पहिला फड, बाळंतपण, अंगावरून जाणं, सगळं तिच्या क्रमाने येतं. मध्ये तोंड घालायचं नाही.

सरावाच्या एका मुलाखतीत (गाव आणि नाव तुम्हालाही सांगणार नाही) बाई मटकी निवडत बोलत होत्या. सासूबाई उंबऱ्यात होत्या, तोवर उत्तर एकच, "कॅन्सर होईल म्हणले डॉक्टर." सासूबाई गोठ्याकडे गेल्या तशी सुपातली बोटं थांबली. "मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला की पाचशे कापतो. दर महिन्याला मी चार दिवस पडून, हे एकटेच फडात. मग म्हटलं, जाऊ दे, कटकटच नको." बाबा, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ती बसली की त्याचीही मजुरी बुडते. डॉक्टरने घातलेली भीती, मुकादमाचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, हे सगळं तिच्या एका निर्णयात गुंतलेलं आहे. छापील फॉर्मवर तिच्या नावापुढे 'डॉक्टरांचा सल्ला' एवढीच खूण झाली असती.

आता किती जणी, ते. त्या चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत, ठरवून निवडतात. पिशवी काढलेल्या हव्यात, तशा सल्ला मिळूनही न काढलेल्याही हव्यात. मला तर या दुसऱ्या जास्त मोलाच्या वाटतात, कारण आपल्या अंदाजाला त्याच छेद देतात. शिवाय मुकादम, आशाताई, डॉक्टर. नवीन काही हाती लागेनासं झालं की थांबायचं. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींवरचा २००६चा एक अभ्यास आहे. त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. पण त्या बायका बऱ्याचशा एकसारख्या गटातल्या होत्या, म्हणून बाराचा नियम मी करणार नाही. आणि "इतके टक्के बायका असं म्हणतात" हे वाक्य माझ्या प्रबंधात कुठेही येणार नाही. त्यासाठी तुमचं गणितच लागतं.

तासाभराची मुलाखत उतरवून काढायला चार-पाच तास जातात. मग मी आणि मैत्रीण वेगवेगळं बसून ओळीओळीला कोड देतो, म्हणजे त्यातल्या मुद्द्याला छोटं नाव देतो, आणि जुळत नाही तिथे वाद घालतो.

आई, तू म्हणालीस, "परक्या पोरीला असलं कोण सांगेल?" सांगतात गं, म्हणूनच जबाबदारी वाढते. संमतीपत्र वाचून दाखवायचं, कुठेही थांबवता येईल हे सांगायचं, नावं बदलायची. बोलताना कुणाला त्रास झाला तर कुठे पाठवायचं, हेही नीतिमत्ता समितीला आधी लिहून द्यावं लागतं. तरी त्या बाईची कंबर आजही दुखते आणि मी रेकॉर्डर पिशवीत टाकून निघून येते, हे मला सहन होत नाही. म्हणून जे काही हाती येईल ते आधी त्या बायकांपुढेच वाचायचं, असा मी हट्ट धरला आहे. मार्गदर्शक बाईंनी तो मान्यही केला.

दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांवर निघतात. त्याआधी मुलाखती उरकायच्या आहेत, त्यामुळे दसऱ्याला येणं होणार नाही. दिवाळीला नक्की येते.

सोबत प्रश्नांची यादी जोडली आहे. आई, शेजारच्या काकूंना ती मोठ्याने वाचून दाखव आणि त्या जिथे अडखळतील तिथे खूण कर. बाबा, मागच्या पानावर निवडीचा तक्ता आहे. त्यात कुणी राहून गेलंय का, ते तुम्ही बघा. तुमच्या नजरेला ते लगेच दिसेल. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मृणाल