पडद्याआड विचारलेला एक प्रश्न

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. दवाखान्याचंही लिहीत नाही. ठाण्यातला मोठा दवाखाना, बायकांची ओपीडी, मागच्या पावसाळ्यातला एक सोमवार, लोकमान्य नगरची काकू आणि सोबत भिजलेला मुलगा, एवढं वाचलंत की तुम्हाला कळेल.

त्या दिवशी टेबलाशी तुम्ही विचारलंत, "काय होतंय?" मी म्हणाले, "लघवीचा त्रास आहे." नऊ वर्षं मी प्रत्येक दवाखान्यात हेच सांगत होते. लघवी तपासली की जंतू निघायचे, गोळ्या मिळायच्या, पंधरा दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. एक डॉक्टर तर केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, "या वयात व्हायचंच." तपासायला झोपा असं कोणी म्हटलं नाही, आणि मी आपणहून बोलले नाही. दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारत नाही. माझ्या आईच्या तोंडी जो शब्द होता तो मला येत होता, पण मुलासमोर तो उच्चारायचा कसा?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खुर्चीवर बसले नव्हते, टेबलाला धरून उभी होते, ते पाहिलंत. मुलाला म्हणालात, "दादा, केसपेपरवर शिक्का मारून आणा जरा." तो गेल्यावर पडदा ओढलात, खाली वाकून हळू आवाजात विचारलंत, "काकू, अंग बाहेर येतं का?"

मला रडू फुटलं. तुम्ही थांबलात. मग एवढंच विचारलंत, "किती वर्षं?"

त्या नऊ वर्षांतलं तुम्हाला अर्धंच सांगता आलं होतं. सकाळी उठलं की बरं असायचं. पाणी भरून, पोळ्यांच्या ऑर्डरी उरकून दुपार झाली की खाली चेंडू अडकल्यासारखं जड व्हायचं. जुन्या साडीच्या घड्या आतून बांधून मी लग्नाकार्याला जायचे. हळदीकुंकवाला खाली बसायची वेळ आली की गुडघ्याचं निमित्त. दादरला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी. आणि लघवीला बसलं की बोटाने ते आत सारून धरल्याशिवाय धार सुटत नसे. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तिसऱ्या पायरीचं आहे, गर्भपिशवीचं तोंड पूर्ण बाहेर येतंय, पुढून मूत्राशय ओघळलंय, मागून गुदाशयाची भिंतही. घासून घासून जखम झाली होती. ती बरी झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. मग दहा दिवस रोज सकाळी तुमच्याकडे. पिवळ्याजर्द औषधात भिजवलेली लांब पट्टी तुम्ही आत सरकवायचात, ते सगळं वर जागेवर बसवून. अॅक्रिफ्लेविन आणि ग्लिसरीन, नाव तुम्हीच शिकवलंत. त्याचे डाग माझ्या दोन परकरांवर अजून आहेत. रोज हात लावण्याआधी "लावू का?" असं विचारायचात. तीन बाळंतपणं झाली माझी, पण असं मला कोणी विचारलेलं नव्हतं.

त्या दहा दिवसांत माझी खरी भीती बाहेर आली. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या बातम्या 2019 साली आल्या होत्या, त्या माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. मी विचारलं, "माझीही उगाचच काढतायत का?" तुम्ही रागावला नाहीत. रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने बाळाची झोळी काढलीत. वरून दोऱ्या, खाली कापड. म्हणालात, "काकू, पिशवीचा काही गुन्हा नाही. बाळंतपणांत दोऱ्या ताणल्या, पाळी गेल्यावर कापड विरलं, त्यात हंडे उचलले, बद्धकोष्ठात जोर केला. म्हणून ती घसरली. नुसती पिशवी काढून भागणार नाही, झोळीही शिवायला लागते. नाहीतर उरलेला भाग पुन्हा उतरतो."

रिंगचंही तुम्हीच सांगितलंत. जखम भरली की रबरी रिंग आत बसवता येते, काही महिन्यांनी काढून धुवायची, पुन्हा बसवायची, पुष्कळ बायका तशाच वर्षानुवर्षं छान राहतात. तरुण बायकांची पिशवी ठेवून ती वर बांधून घ्यायची ऑपरेशनंही आहेत, त्यातली डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची आपल्या मुंबईतलीच, हे तुमच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी अभिमानाने सांगितलं. माझं वय एकसष्ट. विचार करायला तुम्ही मला दोन दिवस दिलेत. मी ऑपरेशन निवडलं, आणि सहीच्या कागदावर सही करताना मला काय होणार ते माहीत होतं. पुन्हा उतरण्याची थोडी शक्यता राहते, हेही माहीत होतं.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखाली काही कळेना. पोटावर चिरा नाही, पिशवी खालूनच काढली. पुढची आणि मागची भिंत शिवली, वरचं टोक आत कटीतल्या मजबूत पट्ट्याला टाक्यांनी बांधलं. दुसऱ्या दिवशी आतलं पॅकिंग काढलं.

तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, आणि मला लघवी होईना. दोन तास झाले, तीन झाले. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, नाही झाली तर पुन्हा नळी घालावी लागेल. तुमची ड्युटी खाली ओपीडीत, तरी सुटल्यावर तुम्ही वर आलात, खांद्याला पर्स तशीच. मला धरून बाथरूमपर्यंत नेलंत, बेसिनचा नळ बारीक सोडलात आणि म्हणालात, "मी दाराबाहेर आहे, गाडी चुकली तर दुसरी मिळेल." नळाचा आवाज ऐकत मी बसले. सवयीने बोट खाली गेलं. तिथे सारायला काहीच नव्हतं. मी हात मांडीवर ठेवला, आणि थोड्या वेळाने आपोआप धार सुटली. नऊ वर्षांनी, सिस्टर. मापाच्या भांड्यात किती झाली ते तुम्ही बाहेरून विचारलंत, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नंतर सोनोग्राफीत मूत्राशय रिकामं होतंय असं दिसलं आणि मला घरी सोडलं.

घरी तुमचा शब्द पाळला. तीन महिने बादली उचलली नाही. हंडा तर कायमचा मुलाकडे गेला. रात्री इसबगोल. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांचे दोरे गळाले तेव्हा घाबरले नाही, तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. सहा आठवड्यांनी दाखवून आल्यावर व्यायाम सुरू केला. लघवी अडवताना जे आवळतो ते आवळायचं, दहा आकडे धरायचं, सोडायचं, पोट आणि श्वास मोकळा ठेवून. टीएमटीच्या स्टॉपवर उभी असते तेव्हाही करते, कोणाला कळत नाही. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकवाला गेले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. त्या रात्री तिला सगळं सांगितलं, आणि नवऱ्यालाही.

पुढच्या सोमवारी तपासणीला येते आहे. नाचणीचे लाडू आणते, घ्यायलाच हवेत. सोबत आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी असतील. दोन वर्षांपासून त्या जिना उतरताना कठड्याला धरून थांबतात, हे मी पाहत होते. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना मी त्यांना तुमचाच प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारला. त्यांनी हो म्हटलं, पण टेबलाशी आल्यावर त्या लघवीचा त्रास म्हणूनच सांगतील. त्यांचे मिस्टर सोबत असतील. त्यांना शिक्का मारायला पाठवा.

तुमची,
लोकमान्य नगरची काकू