हॅरियरच्या माळावर खड्डे कोणी मागितले होते?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्नर तालुक्यातल्या कुकडीच्या खोऱ्यातून लिहितो आहे. आमच्याकडे मंत्री येतात ते बिबट्यापायी, तेही कोणाचं तरी लेकरू गेल्यावर. थंडीत माळावर येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठी पत्र आलेलं पाहून आपल्याला नवल वाटेल.

गेल्या आठवड्यात गावामागच्या माळावर जेसीबी चढला आणि दोन दिवसांत अख्खा माळ खड्ड्यांनी भरला. वृक्षलागवड म्हणे! पाऊस गेला, गवत पिवळं पडलं, आणि आता खड्डे. मार्चएंड आम्हालाही कळतो, साहेब. खड्डे तीन हजार असावेत. जेसीबीवाला पाच म्हणतो, बिलात किती निघतील देव जाणे.

उन्हाळ्यात एका अधिकाऱ्यांनी याच माळावर उभं राहून शब्द दिला होता, की ऑक्टोबर ते मार्च इथे कुदळ लागणार नाही. लेखी मागितलं तर म्हणाले, "गुरुजी, विश्वास ठेवा." ठेवला. खात्याचं नाव घेत नाही, कारण विचारायला गेलं की प्रत्येक खातं 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणतं.

भाद्रपदापासून पाहुणे पक्षी येऊ लागतात. आधी ओढ्यावर करडा धोबी, मागून भोरड्या, गप्पीदास. थंडीच्या तोंडावर एखाद्या वर्षी अमूर ससाणे आफ्रिकेकडे जाताना दिसतात. आणि माळावर भोवत्या, ज्याला पुण्याची मुलं हॅरियर म्हणतात. कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून येणारा हा शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाही. दिवस कलला की एकेक जण गवतावरून हातभर उंचीने घिरट्या घालत येतो आणि गवतातच, जमिनीवर उतरतो. सकाळी तिथे त्यांनी ओकलेल्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या गोळ्या सापडतात. फोडल्या की आत टोळांच्या तंगड्या आणि पंख. शेतकऱ्याचं फुकटात काम करणारा पाहुणा आहे हा. त्याच्या अंथरुणात आपण उंदीरमारीची, म्हणजे ग्लिरिसिडियाची झाडं लावणार!

माझे गुडघे गेलेत, तरी तालुक्याला खेटे घालतो. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब नवीन आलेत. एकाने अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्याने विचारलं, "तुमची जमीन आहे का तिथे? नाही? मग तुम्हाला त्रास काय?" झोप उडाली आहे, बीपीची गोळी वाढली आहे, आणि घरी बायको विचारते, पक्षी तुमच्या पेन्शनीवर जगतात का? हा त्रास अर्जाच्या कोणत्या रकान्यात भरायचा?

2017 ते 2019 मध्ये राज्यात 50 कोटी झाडांचा संकल्प होता, एकट्या 2019 साली 33 कोटींचा. जगली किती म्हणाल, तर जितकी तोंडं तितके आकडे. सरकारी नकाशात गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन. एकदा पडीक ठरली की आज झाडं, उद्या सौर पॅनेल, परवा प्लॉटिंग. 2020 साली गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषद भरली, तेव्हा आपण त्यांचं मिळून घरी स्वागत करतो असं घोषवाक्य होतं. नागालँडमध्ये दोयांग धरणाकाठी 2012 साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले जात होते. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी जाळी गुंडाळली. इथे सगळं सरकार मिळून एक जेसीबी आवरत नाही.

आता 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह. एका टोकाला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. मला निमंत्रण आलंय, रोपटं देऊन सत्कार आहे. रोपटं नको. खड्डे बुजवा, माळ मार्चपर्यंत मोकळा ठेवा आणि उन्हाळ्यातला शब्द सही-शिक्क्यानिशी द्या. या पत्राची प्रत घेऊन सोमवारी कार्यालयात येतो आहे. पोच मिळेपर्यंत बाकड्यावरून उठणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक