रिमोटच्या पाकिटावर एवढे तरी छापा

महोदय,

टीव्ही, साउंडबार, सेट टॉप बॉक्स आणि वर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी एखादी स्टिक, एवढे घरात आले की टीपॉयवर चार रिमोट जमतात. मग ‘सगळ्यांना मिळून एकच द्या’ म्हणत लोक दुकानात जातात. मिळणाऱ्या पाकिटावर ‘सर्व कंपन्यांना चालतो’ हे ठळक छापलेले असते. तो रिमोट फक्त इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतो की ब्लूटूथवरही, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच नसते. खरा निकाल तर त्यावरच लागतो.

हे घरीच तपासता येते. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून जुन्या रिमोटचे तोंड त्याकडे धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेडचे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळणारी काच असते, तेव्हा सेल्फी कॅमेराही वापरून पाहावा. प्रत्येक बटण वेगळे तपासायला हवे. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटवर आवाजाची बटणे टीव्हीसाठी इन्फ्रारेड सोडतात, पण होम आणि बाणांची बटणे स्टिकशी ब्लूटूथने बोलतात. साधा इन्फ्रारेड रिमोट आणला तर आवाज कमी-जास्त होईल, स्टिकचा मेनू हलणार नाही. त्यात रिमोट बिघडलेला नसतो, त्याची निवडच चुकलेली असते.

खरे तर पैसे घालण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवावे. एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवू देणारी एचडीएमआय-सीईसी ही सोय सोनीत ब्राव्हिया सिंक, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, तर एलजीत सिम्पलिंक या नावाने असते. ती चालू करून साउंडबारची एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच खोचावी आणि आवाजाचे आउटपुट साउंडबारवर न्यावे. टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज बदलू लागतो. केबल शेजारच्या पोर्टमध्ये गेली तर टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातच नाही, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. राहिला सेट टॉप बॉक्स. त्याच्या रिमोटवर अनेकदा टीव्हीच्या रिमोटचे संकेत शिकून घेणारी चार-पाच बटणे असतात, ती शिकवली तरी बऱ्याच घरांचे भागते.

तरीही वेगळा रिमोट हवाच असेल, तर नुसता कंपनीचा कोड नंबर टाकायचा घेऊ नये, जुन्या रिमोटचे संकेत शिकणारा घ्यावा. शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. दोन्हींत नवे सेल असावेत, खिडकीतले ऊन त्यांच्यावर येऊ नये. एकेक बटण शिकवून लगेच तपासावे. तरीही अडचणी येतात. रिमोटचा प्रकाश ठरावीक वेगाने लुकलुकतो; बहुतेक उपकरणे 38 किलोहर्ट्झवर ऐकतात, सोनी 40 वर, फिलिप्सची जुनी आरसी-5 पद्धत 36 वर. स्वस्तातला रिमोट सगळे 38 वरच पाठवत असेल तर जवळून चालतो, सोफ्यावरून चालत नाही. आरसी-5 मध्ये बटण दर वेळी नव्याने दाबले की संकेतातला एक बिट, म्हणजे 0 किंवा 1 चा एक अंक, पालटतो. शिकलेल्या रिमोटमध्ये तो गोठून जातो. त्यामुळे 11 नंबरच्या चॅनेलसाठी दोनदा दाबलेला 1 उपकरणाला एकदाच दाबून धरलेला वाटतो. एसी मात्र या रिमोटला शिकवू नये. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, पंखा, मोड अशी पूर्ण स्थिती एकदम पाठवतो. तापमान वाढवायचे बटण शिकवले तर ते कायम त्याच एका आकड्यावर नेऊन ठेवते.

एका बटणात सगळे चालू करणाऱ्या महागड्या रिमोटबद्दलही सांगायला हवे. साध्या पॉवर बटणाचा कोड चालूला बंद आणि बंदला चालू करतो. एखादे उपकरण आधीच चालू राहिले असेल तर बाकीची सुरू होतात आणि तेवढे बंद पडते. यावर उपाय म्हणजे ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे स्वतंत्र कोड. ते सहसा मूळ रिमोटवर नसतात, म्हणून शिकवताही येत नाहीत, नव्या रिमोटच्या कोडसंग्रहातच असावे लागतात. टीव्हीवर कोणत्या पोर्टचे चित्र दिसावे ते ठरवणाऱ्या इनपुटच्या बटणाचेही तेच. शिवाय टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो, म्हणून पॉवर आणि इनपुट या आज्ञांमध्ये आठ-दहा सेकंदांची सवड ठेवावी. या कामात नावाजलेल्या हार्मनी रिमोटचे उत्पादन लॉजिटेकने 2021 मध्ये थांबवले. उरलेला साठा किंवा वापरलेला घेताना त्याचे सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे हे विसरू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत हे रिमोट ढिगाने विकले जातात. उत्पादकांनी पाकिटावर तीन ओळी मराठीत छापाव्यात: फक्त इन्फ्रारेड की ब्लूटूथही, शिकणारा की फक्त कोडचा, चालू-बंदचे स्वतंत्र कोड आहेत की नाहीत. आणि दुकानदारांनी ग्राहकाला घरचे सगळे जुने रिमोट सोबत आणायला सांगून काउंटरवरच एक-दोन बटणे शिकवून दाखवावीत. त्याला पाच मिनिटांहून जास्त लागत नाहीत.

— एक वाचक, पुणे