खरा फोन कुठला आणि खोटा कुठला, हे आम्ही ओळखायचं कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा तरी बातमी असतेच, की अमुक आजोबांना डिजिटल अरेस्टची (म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केलीय असं खोटं सांगून) भीती घालून आयुष्यभराची पुंजी काढून घेतली, किंवा गॅसचं बिल अपडेट नाही म्हणून आज रात्री कनेक्शन कट होणार सांगून एक फाइल पाठवली आणि अकाउंट साफ केलं. आणि ती बातमी वाचून लोक काय बोलतात तेही ऐकते मी, ट्रेनमध्ये, बागेत, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण, की एवढी शिकलेली माणसं फसतात कशी, रोज तर सांगतात ना ओटीपी देऊ नका म्हणून. मला या बोलण्याचा खूप राग येतो. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातले २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले असं सरकारनेच संसदेत सांगितलंय, एवढे सगळे पैसे काय मूर्ख लोकांचे होते का?

माझं म्हणणं असं आहे की फसवणारे हुशार आहेत ते आहेतच, पण त्यांचं अर्धं काम आपल्या खऱ्या बँका, इन्शुरन्सवाले आणि लोनवाले यांनीच करून ठेवलंय.

आमच्या बिल्डिंगमध्ये (मुलुंड पूर्वेला) एक काकू एकट्या राहतात, काका गेले, मुलगा पुण्याला असतो. त्यांना बँकेतून फोन आला, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, बोलणारी मुलगी एकदम गोड, तुमचं केवायसी बाकी आहे मॅडम, जन्मतारीख सांगा, पॅनचे शेवटचे आकडे कन्फर्म करा. काकूंनी फोन ठेवला आणि मला विचारायला आल्या, मी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून सगळे माझ्याकडेच येतात. मी म्हटलं बरं केलंत ठेवलात ते, आपण ब्रांचला जाऊन विचारू. गेलो तर काय, फोन खरा निघाला! आणि काउंटरवरचा माणूस वर काकूंनाच बोलला की आमच्या टीमचा कॉल आला तर कोऑपरेट करत जा, नाहीतर अकाउंट फ्रीझ होईल. बँकेचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एकाच बँकेचं नाहीये, कुणालाही विचारा, सगळ्यांना असेच फोन येतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकूंना दुसरा फोन आला. या वेळी कुरिअर कंपनीतून. तुमच्या आधारवर परदेशात पार्सल चाललंय, त्यात ड्रग्ज सापडलेत, थांबा क्राइम ब्रांचच्या साहेबांना लाइन देतो. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, समोर युनिफॉर्ममधला माणूस, मागे भिंतीवर पोलिसांचा लोगो, आणि हुकूम की कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, सहकार्य करा नाहीतर सगळी अकाउंट्स फ्रीझ करू. आता मला सांगा, हेच वाक्य त्या बाईने खऱ्या बँकेच्या काउंटरवर ऐकलं होतं की नाही? मग या वेळी तिने फोन ठेवायचा कसा?

काकू वाचल्या त्या त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंमुळे. त्यांनी बघितलं की डब्याला टेकवून फोन उभा केलाय आणि काकू समोर हात जोडून बसल्यात, त्या गॅस बंद करून तडक खाली आल्या, वॉचमनला सांगितलं, त्याने मला फोन केला आणि आम्ही वर जाऊन कॉल कट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एफडी मोडायला जायचं ठरलं होतं. पैसे गेले नाहीत पण त्यानंतर कित्येक दिवस काकू स्वतःच्या मुलाचाही फोन उचलत नव्हत्या, आणि हे नुकसान कुठल्याच आकड्यात धरलं जात नाही.

आता नियमाचं बघू. नियम नाहीत असं अजिबात नाहीये. बँकेने कामाचा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचा आणि जाहिरातीचा १४० ने सुरू होणाऱ्या, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय. किती साधी गोष्ट आहे ही, ऐंशी वर्षांच्या माणसालाही समजेल, नंबर १६०० ने सुरू होत नसेल तर तो बँकेचा कामाचा फोन नाही, ठेवून द्या. पण ही ओळख कधी उपयोगाची ठरेल, जेव्हा एकही खरा माणूस दुसऱ्या नंबरवरून फोन करणार नाही तेव्हा. आज रिलेशनशिप मॅनेजर स्वतःच्या मोबाइलवरून करतो, कार्डवाला एजंट तिसऱ्याच नंबरवरून, पॉलिसीवाले तर दर वेळी नवीन नंबर. फोन करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही, माझी भाची मालाडला कॉल सेंटरला होती, त्यांना समोर लिहून दिलेलं बोलावं लागतं आणि टार्गेट पुरं नाही झालं तर पगाराचे वांधे. राग आहे तो त्यांना कुठल्याही नंबरवरून फोन करायला बसवणाऱ्यांवर.

आपल्या हातात काय आहे तर तक्रार, आणि ती आपण करत नाही, नुसतं ब्लॉक करतो. ब्लॉक केलं की आपली कटकट गेली, पण तो नंबर शेजाऱ्याला फोन करायला मोकळाच. नको असलेल्या फोनची १९०९ वर किंवा ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डीएनडी अॅपवर तक्रार करता येते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदललाय, आता फोन आल्यापासून सात दिवसांपर्यंत तक्रार चालते, पूर्वी तीनच दिवस होते, आणि दहा दिवसांत एखाद्याविरुद्ध पाच तक्रारी आल्या की टेलिकॉम कंपनीला कारवाई करावी लागते. पाच! म्हणजे आमच्या एका विंगमधल्या लोकांनी मनावर घेतलं तरी पुरे आहे. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे कळवायचं. आणि पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं, नातेवाईकांना सांगत बसायचं नाही, कारण ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात, जितक्या लवकर कळवाल तितकी ते मध्येच अडवून धरायची शक्यता जास्त.

पोलिसांच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दल एक खास मुंबईकरांसाठी सांगते. देशभर कुणालाही फसवायचं असलं की हे लोक मुंबई क्राइम ब्रांचचंच नाव घेतात, लांबच्या गावातल्या माणसाला ते तपासता येत नाही पण आपण तर इथेच राहतो. सरळ सांगायचं, साहेब मी येते पोलीस स्टेशनला, समोर बसून बोलू, आणि फोन ठेवून खरंच जवळच्या पोलीस स्टेशनला जायचं. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात कुठेही नाही, आणि चौकशीला हजर राहायची नोटीस सुद्धा पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

बँकांकडून मला आणखी एक हवंय. म्हातारं माणूस अचानक एफडी मोडून मोठी रक्कम अनोळखी खात्यात पाठवायला आलं तर काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवायच्या आधी दोन मिनिटं बोलावं. घाईघाईत का मोडताय, फोनवर कुणी आहे का, घरी कुणाला सांगितलंय का. फसवणारे आधीच शिकवून पाठवतात की बँकेत विचारलं तर घराचा व्यवहार आहे म्हणून सांगा, त्यामुळे एका प्रश्नाने भागणार नाही, शेजारी बसवून पाणी द्यावं लागेल, मुलाला फोन लावायला सांगावं लागेल. लाइन थांबली तर थांबू दे. आपण सगळे थांबू.

आपल्याला विनंती एवढीच की अशी प्रत्येक बातमी छापताना खाली चौकटीत १९३० आणि १९०९ हे दोन नंबर आणि ती १६०० ची खूण मोठ्या टायपात द्या, आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी पेपरातलं कात्रण कापून फोनशेजारी ठेवतात, मोबाइलवर आलेला मेसेज ठेवत नाहीत.

आमच्या त्या ब्रांचला मी सोसायटीतर्फे लेखी पत्र दिलंय की तुमचे सगळे फोन १६०० वरूनच येतील असं आम्हाला लिहून द्या. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की कळवते.

आपली,
एक सोसायटी सेक्रेटरी,
मुलुंड (पूर्व), मुंबई