थीम पार्कचा शेवटचा दिवस उलट्या क्रमाने आखा

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की थीम पार्कच्या सहलींवर भरपूर छापून येते. तिकीट कधी काढावे, कोणती राइड चुकवू नये, आत काय नेऊ देतात, सगळे असते. परतीच्या दिवसाबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि कुटुंबाची खरी ओढाताण होते ती त्याच दिवशी. हॉटेलची खोली सोडायची, ओले कपडे, पेंगुळलेली मुले, विमानाची वेळ, आणि वर 'तिकिटाचे पैसे वसूल झालेच पाहिजेत' हा हट्ट.

हा हट्ट हिशेबातही बसत नाही. बऱ्याच मोठ्या पार्कांत जितके जास्त दिवसांचे तिकीट, तितका दर दिवसाचा दर उतरत जातो. म्हणजे तीन दिवसांच्या तिकिटात तिसरा दिवस सगळ्यात स्वस्त पडलेला असतो. त्याच दिवसासाठी बंद होईपर्यंत थांबून सगळ्यांनी दमायचे कशाला? तो अर्धाच धरावा आणि सकाळचा अर्धा धरावा. दार उघडण्यापूर्वी अर्धा तास हजर असणाऱ्याच्या पहिल्या दोन तासांत जेवढ्या राइड होतात, तेवढ्या भर दुपारी चार तासांतही होत नाहीत.

वेळ ठरवायची ती शेवटाकडून. समजा विमान रात्री 8 वाजता आहे. विमानतळावर 6 ला पोहोचायचे. रस्ता एक तासाचा असेल तर अर्धा तास खोळंब्यासाठी, म्हणजे 4.30 ला निघायचे. ठेवलेले सामान घेणे, कपडे बदलणे, स्वच्छतागृह यांत चौघांच्या कुटुंबाची 45 मिनिटे सहज जातात, झाले 3.45. पार्कच्या आतल्या टोकापासून दारापर्यंत आणि पुढे पार्किंगपर्यंत 40 मिनिटे, झाले 3.05. शेवटच्या राइडची रांग 45 मिनिटांची आणि राइड 10 मिनिटांची, म्हणजे त्या रांगेत 2.10 च्या आत जाऊन उभे राहिलेच पाहिजे. 'चारपर्यंत फिरू' म्हणणाऱ्यांचे गणित चुकते ते इथे, या दोन तासांत.

रांगेबाहेरच्या फलकावरच्या मिनिटांवरही डोळे मिटून विसंबू नये. 24 जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटत असेल तर तासाला 720 माणसे जातात. पुढे 360 जण असतील तर अर्धा तास लागतो. रुळावर दोनऐवजी एकच गाडी असेल तर तीच रांग जवळजवळ तासाची होते. रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सोडत नाहीत. एखाद्या सेन्सरने शंका दाखवली तरी सगळे थांबते, आणि पुन्हा कधी सुरू होईल हे कर्मचाऱ्यालाही सांगता येत नाही. जोराचा वारा आणि विजांचा कडकडाट ही आणखी दोन कारणे. म्हणून मोठा कोस्टर सकाळी उरकावा आणि शेवटची राइड न थांबता माणसे चढवत राहणारी निवडावी, सावकाश सरकत राहणाऱ्या डब्यांची. ती कोणती, हे मुलालाच ठरवू द्यावे, आणि 'आता दोनच राहिल्या' हे आधी सांगावे. दाराशी रडारड बरीच कमी होते.

उंचीच्या पट्टीशी जेमतेम पोहोचणारे मूल असेल तर त्याचीही राइड सकाळीच करावी. दिवसभर उभे राहून मणक्यांतल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळी साधारण एक सेंटिमीटर कमी भरतो. 120 सेंटिमीटरच्या खुणेवर तेवढ्यानेही नकार मिळतो. गरगर फिरणाऱ्या राइड मात्र परतीच्या प्रवासाआधी नकोतच. कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ आधीच बिघडलेला असतो, त्यावर घाटाचा रस्ता म्हणजे उलटी ठरलेली.

पाण्याच्या राइड शेवटच्या दिवशी ठेवूच नयेत. ठेवल्याच तर 11 च्या आत, आणि अंगावर जीन्स किंवा जाड सुती कपडा नको. भिजलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर पाय देऊन दाबावे. नुसत्या पिळण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी निघते. प्लास्टिकची पिशवी फक्त प्रवासापुरती, घरी पोहोचताच उघडावी. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, औषधे आणि कागदपत्रे मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत हवीत. औषधे आणि पॉवर बँक उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नयेत. आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा 20 अंशांच्या आसपास चढते. विमानातही पॉवर बँक हातातल्या सामानातच लागते. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-तास भरते, मर्यादा 100 ची आहे. पाणी भरलेला काचेचा शोभेचा गोळा मात्र मोठ्या बॅगेत घालावा. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या नियमापायी तो बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात.

लॉकरची किल्ली, बाबागाडीची अनामत, मनगटपट्टीत उरलेली रक्कम हे सगळे दुपारीच मिटवावे. बंद होण्याच्या वेळी त्या खिडकीची रांग कोस्टरपेक्षा लांब असते. राइडवर काढलेल्या फोटोंच्या कोडलाही मुदत असते, तेव्हा फोटो पार्कमध्येच उतरवून घ्यावेत.

स्वतः गाडी चालवत परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्त गंभीर आहे. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतक्या मंदावतात, हे प्रयोगांतून मोजले गेले आहे. पहाटे 5 ला उठून रात्री 10 ला आतषबाजी पाहून चाक हाती घेणारा नेमका त्या टप्प्यावर असतो, आणि दिवसभराची पायपीट वेगळीच. आतषबाजी पाहायचीच असेल तर ती रात्र तिथेच काढावी.

पार्कवाल्यांनीही थोडे करावे. रुळावर किती गाड्या सुरू आहेत ते मिनिटांच्या फलकाशेजारी लिहावे. खोली सोडून आलेल्यांसाठी दाराबाहेर मोठ्या बॅगा मावतील असे लॉकर आणि कपडे बदलायच्या खोल्या ठेवाव्यात. अनामत परत देणारी खिडकी दिवसभर उघडी असावी. आणि शेवटच्या बसची वेळ आत शिरतानाच ठळक अक्षरांत लावावी. बऱ्याच ठिकाणी ती बाहेर पडल्यावर बसथांब्यावरच वाचायला मिळते.

– एक वाचक