शनिवारी ब्राउन एल: येण्याआधी वाचा

सभासदहो,

शनिवारी संध्याकाळी ७ वाजता शरद ऋतूतली ब्राउन एल (तपकिरी रंगाची बिअर) चाखायची आहे. येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे बाटल्या तेवढ्याच उघडता येतील.

बिअर १० ते १३ अंश सेल्सिअसला देऊ. ‘अजून गार करा’ असा आग्रह कृपया नको. फार गारठली की भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, बहुधा बार्लीचा) वास दबतो, आणि या एलची गंमत तर त्या वासातच असते. ग्लास थोडा रिकामा ठेवा, हलकेच फिरवा, आधी हुंगा. कॅरॅमल, सुकामेवा, थोडं चॉकलेट सापडायला हवं. इंग्लिश पद्धतीत माल्टचा गोडवा पुढे असतो, अमेरिकन पद्धतीत हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा) कडवटपणा जास्त जाणवतो. काही जण शरदाच्या नावाखाली दालचिनी-जायफळही घालतात. मसाल्याने माल्ट झाकला तर माझ्या लेखी ती एल फसली. (वाद घालायला हरकत नाही.)

त्या दिवशी अत्तर लावू नका, शेजाऱ्यालाही वास घ्यायचा असतो. मद्यार्क साधारण ४ ते ६ टक्के असतो, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी फक्त हुंगावं.