आई-बाबा, घर घेतलं

किईमिंकी, ओउलू, फिनलंड
ऑगस्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण असलं काही सांगितलं की आई गप्प होते आणि बाबा "बरं, तब्येत सांभाळा" म्हणून विषय संपवतात. म्हणून लिहिते. आम्ही हे घर विकत घेतलं. भाड्याने राहत होतो तेच. गेल्या आठवड्यात सह्या झाल्या. आधी पत्र पूर्ण वाचा, मग दादाला फोन लावा.

मालकीणबाई विकायलाच निघाल्या होत्या. नाही म्हटलं असतं तर ऐन थंडीच्या तोंडावर घरं बघत फिरावं लागलं असतं. हप्ता भाड्याएवढाच बसतो. शाळा चालत जाण्यासारखी. कागद मी स्वतः ओळ न् ओळ वाचले, बाबा, तुमचीच मुलगी आहे. ही कारणं खरीच आहेत, पण तेवढ्यावर मी सही केली नसती. शहरातल्या फ्लॅटमध्ये बर्फ पडला आणि गेला एवढंच कळायचं. यंदा घराभोवतीचं रान मी बर्फ वितळल्यापासून रोज बघितलं, आणि मग इथून उठून दुसरीकडे जाववेना.

मेच्या सुरुवातीला अजून सावलीत बर्फ होता तेव्हा चरीच्या कडेने पिवळी फुलं आली, पानांच्याही आधी. मग बर्फ सरकला तसं खालून मुस्तिक्काचं, म्हणजे इथल्या निळ्या-जांभळ्या रानफळाचं, झुडूप वर आलं, घोट्याएवढं. बर्फाच्या पांघरुणाखाली ते थंडीतून वाचतं. बर्फ कमी पडला तरच त्याचं खरं नाही. त्याला फुलं येतात ती घुंगराएवढी, गुलाबी-हिरवी, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. भुंगे मात्र बरोबर शोधतात.

मागे, पाच-सात मिनिटांवर दलदल आहे. तिथे हिल्ला, म्हणजे दलदलीत येणारं रानफळ. जूनमध्ये पांढरी फुलं आली आणि मी रोज रात्री थर्मामीटर बघायला लागले, कारण फुलावर असताना एक रात्र जरी गोठली तरी फळ गेलं. मोहोराच्या दिवसांत बाबा पहाटे उठून आभाळाकडे का बघत बसायचे ते आत्ता कळतंय. त्यात हिल्लाची नर झाडं वेगळी, मादी वेगळी. नराला फूल येतं, फळ नाही. एका देठाला एकच फळ, आणि तेही उलटं वागतं: कच्चं असताना लाल, पिकलं की पिवळं-केशरी आणि मऊ. खरं सांगू? पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आवडलं नाही, दाताखाली बियाच बिया. आता मात्र वाटी पुढ्यात आली की कुणी मागू नये असं वाटतं. फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर हेच फळ आहे, बाबांच्या नाण्यांच्या डब्यासाठी एक नाणं बाजूला ठेवलंय.

शेजारच्या आजी आम्हाला पाव देतात, लाकडं देतात, पण हिल्ला कुठे मिळते ते सांगत नाहीत. इथे कुणीच सांगत नाही म्हणे. बाबा, वारुळापाशची अळंबी तुम्ही काकांना तरी कुठे दाखवलीत!

आता बाबांचा प्रश्न: सातबारा कुणाच्या नावावर? रान कुणाचंही असो, रानातली फळं आणि अळंबी कुणीही वेचावीत, विचारायचीही गरज नाही. फक्त लोकांच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही, पिकात तुडवायचं नाही. आणि वेचलेली रानफळं विकली तर त्या पैशावर आयकर नाही. जन्मभर तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला हे पटणार नाही, माहीत आहे.

सध्या मुस्तिक्काचे दिवस आहेत. दातांचा फणीसारखा डबा मिळतो, तो झुडपातून ओढला की फळं आत आणि पानं बाहेर, निदान तसं व्हायला हवं. घरी येऊन पानं निवडत बसते तेव्हा आईचे तांदूळ आठवतात. तुमच्या नातवाला सड्यावरचा करवंदांचा कोंबडा-कोंबडीचा खेळ शिकवला. पण हे फळ आतून बाहेरून गडद, त्यामुळे सगळे कोंबडेच! दुकानातली मळ्यातली फळं आतून फिकी, त्या कोंबड्या. त्याची जीभ आणि बनियन दोन्ही जांभळी आहेत. बनियन जाऊ दे, पण मी सड्यावरून तशीच आले की आई काय बोलायची ते सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं, शब्दसुद्धा तेच.

रस्त्याच्या कडेला आत्ता कमरेएवढी गुलाबी फुलं आहेत, खालून वर फुलत जातात, आता शेंड्याशी आलीत. तुमच्याकडे सड्यावर तेरडा आला असेल.

आई, तू अस्वलाचं विचारशीलच. या देशात आहेत, पण माणसाचा आवाज आला की तीच निघून जातात, आणि तुझा नातू गप्प बसतो कुठे? विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही हे त्याला पक्कं शिकवलंय. कुंपणाशी सुंदर वासाची पांढरी फुलं आहेत, त्यांची लाल फळं विषारी असतात, ती त्याला लांबूनही ओळखता येतात. डास आहेत, पण पावसाळ्यात गोठ्यामागे बसून अभ्यास केलेल्या मुलीला डासांचं काय सांगतेस. घर गरम असतं, खिडक्यांना तीन-तीन काचा. डाळ-तांदूळ, कोकम, सगळं मिळतं. सप्टेंबरात पुओलुक्का पिकेल, लाल आणि आंबट. ती बरणीत नुसत्या पाण्यात हिवाळाभर टिकते, साखरेची गरज नाही. यंदा तिचं तुझ्या पद्धतीने मोहरी-मेथी घालून लोणचं करणार आहे. प्रमाण कळव. "अंदाजाने" म्हणू नकोस.

आता वरच्या खोलीबद्दल. बाबांनी ती आमच्यासाठी बांधली, फरशी मला विचारून बसवली, मला सगळं आठवतं. ती आमची नाही असं मी म्हणत नाहीये. दर वर्षी येणार, आणि तिथेच राहणार. पण आम्ही येईपर्यंत कुलूप लावून ठेवू नका. तुळशीच्या बाजूच्या खोलीला ओल येते, आईला खोकला होतो. पावसाळाभर आईने वर झोपावं. बाबांचा गुडघा जिना चढू देत नसेल तर निदान आईचं अंथरूण तरी वर न्या. दादाला सांगून जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घ्या, पैसे मी पाठवते, वाद नको.

आणखी: आईची तीन महिन्यांची साखर आणि डोळे या महिन्यात तपासायचे, गणपतीनंतर नाही. मोदक दोन. उकडीचे आहेत म्हणून चार चालत नाहीत. बाबांनी कलमावर शिडी लावायची नाही. झेल्याने जेवढे उतरतील तेवढे आंबे, बाकीचे माकडांचे. अंगणातल्या शेवाळावर चुना टाकून घ्या.

पासपोर्ट दोघांचे काढून बघा, मुदत संपत आली असेल तर आत्ताच अर्ज करा. पुढच्या जून-जुलैला इकडे यायचं. तेव्हा रात्री जवळजवळ अंधारच होत नाही, बाबांना झोप येणार नाही, जाड पडदे लावते. दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. नातू म्हणतो, आजोबांना हिल्लाची जागा दाखवीन, पण त्यांनी कुणाला सांगायची नाही.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला. आणि शिडीचं काय केलंत ते आधी सांगा.

तुमची,
चिंगी